ऑनलाइन लैंगिक शिक्षणाचा कोर्स आपल्या पोरांना द्यायचा का? तपासायचं कसं, पायरी पायरीने

आश्रमशाळेतले सर, वस्तीवर युथ ग्रुप चालवणाऱ्या ताई, होस्टेलचे वॉर्डन, यातलं कुणीही असाल तर ही वेळ येतेच. व्हॉट्सअॅपवर लिंक येते, "मस्त कोर्स आहे, लैंगिक आरोग्य आणि संमती, फ्री आहे, शेवटी सर्टिफिकेट पण मिळतं, तुमच्या मुलांना दाखवा." आणि आपण काय करतो, पहिली पाच मिनिटं बघतो, चित्रं छान असतात, बोलणारी मुलगी गोड बोलते, मग करतो फॉरवर्ड.

तसं नका करू एवढंच सांगायला हा लेख नाहीये. कसं तपासायचं, कुठे कोर्स नाकारायचा, आणि दाखवल्यावर उपयोग झाला की नाही हे कसं कळणार, ते सगळं सांगतो. लेख लांब आहे, निवांत वाचा.

ऑनलाइनकडे वळायची वेळ का आली हे आपल्याला माहितीच आहे. २००७ साली महाराष्ट्राने शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, त्यानंतर बहुतेक शाळांत विषय उरला तो दहावीच्या विज्ञानातल्या प्रजननाच्या धड्यापुरता, आणि तोही "घरी वाचून या" म्हणून उरकला जातो. (ज्या राज्यात र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून २५-२६ वर्षं लैंगिक आरोग्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, खटले अंगावर घेतले, तिथली ही अवस्था. असो.) पोरं शिकतातच, फक्त कुठून शिकतात ते आपण बघत नाही.

पायरी १: आपली मुलं नेमकी कोण, हे आधी कागदावर लिहा

"वंचित युवा" हे प्रपोजलमधलं भाषण झालं. तुमच्या गटातली मुलं कोण आहेत? वय काय, घरात कोणती भाषा, मराठी वाचता येतं की नुसतं ऐकून समजतं, फोन कुणाचा, रिचार्ज कोण मारतं, वर्षातले किती महिने गावात असतात. नंदुरबारकडच्या पावरा किंवा भिल्ल मुलीला पुस्तकी मराठी ही जवळपास दुसरी भाषाच असते. बीडच्या ऊसतोड कुटुंबातला मुलगा दिवाळीच्या आसपास फडावर जातो तो उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाही, म्हणजे जानेवारीत सुरू होणारा "आठ आठवड्यांचा कोर्स" त्याच्यासाठी नाहीच. ज्याला ऐकू येत नाही त्याला सबटायटल पुरतील असं आपण धरून चालतो, पण त्याची पहिली भाषा खुणांची असेल तर मराठी सबटायटल त्याला डोईजडच.

फोनचा मुद्दा तर सगळ्यात मोठा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका साधारण ३३ टक्के निघाल्या, पुरुष ५७ टक्के. आता परिस्थिती सुधारली असेल, पण मुलीच्या हातात फोन आहे आणि फोन मुलीचा आहे यात अजूनही जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पायरी २: माहिती बरोबर आहे का, हे सात-आठ अवघड प्रश्न विचारून बघा

अख्खा कोर्स बघायला वेळ नसेल तर सरळ अवघड जागा शोधा, तिथेच कळतं. मी हे बघतो.

हस्तमैथुनाबद्दल काय म्हटलंय? "अति केल्यास अशक्तपणा", "धात जाते", असं काही असेल तर तिथेच बंद करा, पुढचं बघायचीही गरज नाही. पहिल्या वेळी रक्त आलंच पाहिजे का? उत्तर स्पष्ट "नाही" हवं, आणि कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही हेही हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच हे सांगितलंय, आणि आपल्याकडे कंजारभाट समाजातल्या तरुणांनी याविरुद्ध उघड मोहीम काढली ती त्याच सुमारास, म्हणजे विषय काही आकाशातला नाही. इमर्जन्सी गोळी: ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, तिने गर्भपात होत नाही, आणि तिने आजारांपासून संरक्षण मिळत नाही. या चारपैकी एक जरी गाळलं असेल तर शंका घ्या. अंगावरून पांढरं जाणं: नॉर्मल कधी आणि दवाखान्यात कधी जायचं, दोन्ही सांगितलंय का? पाळीत "अशुद्ध रक्त बाहेर पडतं" असं चुकून तोंडून गेलंय का? (भल्या भल्या व्हिडिओंत जातं.) एचआयव्हीची टेस्ट संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी करून उपयोग नसतो, हे सांगितलंय का? आणि मुलाला मुलगा आवडला तर त्याला "तात्पुरता टप्पा" म्हटलंय का, सरळ सांगितलंय का, की गाळूनच टाकलंय?

यासाठी गावातल्या एएनएम ताईंना (आरोग्यसेविका) किंवा पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना सोबत घ्या. मात्र डॉक्टरांचंही स्वतःचं मत मध्ये घुसतं, "लग्नाआधी हे सांगायचंच कशाला" वगैरे, तेव्हा त्यांना "बरोबर की चूक" एवढंच विचारा, "योग्य की अयोग्य" विचारू नका.

पायरी ३: कायदा भारतातला आहे का?

डब केलेला परदेशी कंटेंट इथे हमखास घसरतो. "वय १६ झालं की संमती देता येते" असं ऐकलं की समजायचं मूळ माल बाहेरचा आहे. आपल्याकडे पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा, आणि त्याप्रमाणे १८ च्या आतल्या व्यक्तीच्या संमतीला कायद्यात किंमत नाही, दोघं १७ चे असले आणि दोघांची मर्जी असली तरीही. हे मुलांना सांगावं लागतं, आणि धमकी न देता सांगावं लागतं, कारण नुसतं "जेल होईल" म्हटलं की ज्या मुलीला दवाखान्याची गरज आहे ती आणखी लपते.

लग्नाचं पण बघा. १८ च्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. पण बायको सज्ञान असेल तर नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला आपला कायदा अजून बलात्कार म्हणत नाही, तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा कामी येतो, त्यात लैंगिक छळ धरलाय. जो कोर्स हा फरक न सांगता "नवऱ्यावर बलात्काराची केस करा" म्हणतो तो मुलीला खोट्या आशेवर पोलीस स्टेशनला पाठवतो. नवऱ्याला ही सूट कायद्यातली आहे, माणुसकीतली नाही, हेही मुलांशी बोलायला हवं, पण ते वेगळं बोलायचं.

गर्भपाताबद्दल: कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठराविक परिस्थितीत दोघांच्या मताने २४ पर्यंत, आणि सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर २०२२ च्या निकालाने अविवाहित मुलींनाही तोच हक्क आहे. त्याच निकालात आहे की अल्पवयीन मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरला पोलिसांना कळवताना तिचं नाव सांगावं लागत नाही. ही एक ओळ कोर्समध्ये असेल तर बनवणाऱ्याने गृहपाठ केलाय म्हणायचं.

फोटोंचं: १८ च्या आतल्या कुणाचाही नग्न फोटो फॉरवर्ड करणं हा गुन्हा, आणि आपलाच फोटो पसरला तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची, शिवाय 'टेक इट डाउन' नावाची सोय आहे जिथे फोटो अपलोड न करताच तो काढायची विनंती करता येते. हे हवंच.

पायरी ४: संमतीचा धडा कुणाच्या आयुष्यावर बेतलाय?

खरा निकाल इथे लागतो, आणि सगळे इथेच घाई करतात.

बहुतेक व्हिडिओत काय असतं, दोन जण कॅफेत, दोघं साधारण सारख्या घरातले, एक विचारतो, दुसरी म्हणते "मला आज नको", पहिला म्हणतो "ओके, नो प्रॉब्लेम", संपलं. छान आहे, चूक काहीच नाही. पण ऊसतोडीत मजुराचा हिशोबच जोडीवर असतो, नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) त्या कोयत्यावर मिळते, म्हणून पोरगा कमावता झाला की त्याचं लग्न उरकतात आणि त्यासाठी मुलगी लागते. त्या मुलीला "तुझं शरीर, तुझा हक्क, नाही म्हणायला शिक" एवढंच शिकवलं तर आपण तिच्यावरच ओझं टाकतोय. उद्या तिने नाही म्हटलं आणि कुणी ऐकलं नाही तर तिला वाटणार की आपलंच चुकलं, आपल्याला नीट नाही म्हणता आलं नाही. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं, त्यामुळे हे एखाद-दुसऱ्या मुलीचं प्रकरण नाही.

तर बघायचं काय? एक, "नाही म्हण" च्या पुढे काय आहे. नाही म्हटल्यावर कुणाकडे जायचं, नावानिशी हवं: बालविवाहासाठी गावात ग्रामसेवक हाच प्रतिबंध अधिकारी असतो, मुलांसाठी १०९८ आहे, महिलांसाठी १८१ आहे, तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे. दोन, ताकदीतला फरक दाखवलाय का, म्हणजे मुकादम आणि मजुराची पोरगी, सर आणि विद्यार्थिनी, होस्टेलमधला मोठा मुलगा आणि लहान मुलगा. मुलांवरही अत्याचार होतात हे किती कोर्सेसमध्ये आहे ते बघा, तोंडी लावण्यापुरतं असतं. तीन, "मौन म्हणजे संमती" ही म्हण लग्न ठरवताना आपल्याकडे सर्रास वापरतात, मुलगी लाजली म्हणजे हो. कोर्सने या समजुतीला हात घातलाय का? घातला नसेल तर पोरं कॅफेतला व्हिडिओ बघून परत त्याच समजुतीवर येतात. आणि चार, मुलग्यांना नुसतं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय की त्यांना काही शिकवलंय? नकार ऐकल्यावर चारचौघांत कसं उभं राहायचं, मित्र चिडवतात तेव्हा काय बोलायचं, हे त्यांना कुणीच सांगत नाही.

अपंग मुलांसाठी अजून एक बघा: ज्याला अंघोळीला, कपडे बदलायला दुसऱ्याची मदत लागते त्याच्यासाठी "कुणालाही हात लावू देऊ नको" हा धडा निरुपयोगी आहे. त्याला मदतीचा स्पर्श आणि वाईट स्पर्श यातला फरक शिकवायला हवा.

पायरी ५: त्यांच्याच फोनवर लावून बघा

तुमच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर नाही. स्वस्तातला, स्क्रीनला तडा गेलेला, मेमरी भरलेला फोन घ्या आणि जिथे रेंजची एकच काडी येते तिथे उभं राहून लिंक उघडा. किती एमबी जातात, लॉगिन मागतो का, ओटीपी मागतो का. ओटीपी बापाच्या नंबरवर जाणार असेल तर प्रश्न मिटला, मुलगी तिथेच थांबली.

मग मागे काय उरतं ते तपासा. यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला की दुसऱ्या दिवशी दादाने फोन उघडल्यावर त्याच विषयाचे आणखी चार समोर येतात, आणि "काय बघत होतीस" सुरू होतं. अॅप असेल तर त्याचं नाव आणि आयकॉन काय, नोटिफिकेशनमध्ये "तुमचा सेक्स क्विझ अपूर्ण आहे" असलं काही येतं का, हिस्टरी पुसता येते का, झटकन बाहेर पडायचं बटण आहे का. डेटाचं पण विचारा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतल्या सगळ्यांना मूलच धरलंय, त्यांच्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. तरी नाव, गाव, शाळा, जन्मतारीख असं सगळं फॉर्ममध्ये भरून घेणारे कोर्स आहेत. कशाला हवंय हे? विचारा त्यांना मेल करून, उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा.

चॅटबॉट असेल तर त्याला पोरांच्या भाषेत विचारा, शुद्धलेखन बिघडवून विचारा, आणि "मला काका त्रास देतात" असं टाइप करून बघा. तो पाळीची माहिती द्यायला लागला तर तो मुलांच्या हातात देऊ नका, वेबसाइट कितीही चांगली असो.

पायरी ६: पाच-सहा मुलांसोबत बसा

मुलींसोबत ताई, मुलांसोबत दादा, वेगवेगळे बसा. व्हिडिओ दाखवा आणि "आवडला का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "हे तुझ्या मित्राला सांगायचं असेल तर काय सांगशील?" एका मुलाने संमतीचा व्हिडिओ बघून असं सांगितलं होतं: "मॅडम म्हणतात, विचारायचं. नाही म्हणाली तर परत विचारायचं. मग ती हो म्हणते." व्हिडिओत चूक एकही वाक्य नव्हतं, पण "विचारत राहा" हे वाक्य पाच वेळा होतं आणि "नाही म्हटल्यावर थांबा" एकदाच. असल्या गोष्टी तज्ज्ञांच्या चेकलिस्टमधून कधीच सापडत नाहीत, मुलांच्या तोंडून येतात.

पायरी ७: प्रश्न विचारायच्या आधी, कुणी काही सांगितलं तर काय करायचं ते ठरवा

आता कोर्स दाखवायचा ठरला आणि परिणाम मोजायचाय. थांबा. या विषयावर प्रश्न विचारले की कुणीतरी स्वतःचं सांगतंच. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे १८ च्या आतल्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, नाही कळवलं तर कलम २१ खाली शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थाप्रमुख असाल तर वर्षापर्यंत. म्हणून मुलांना आधीच सांगा की "तू सांगितलेलं मी कुणाला सांगणार नाही" हे वचन मी देऊ शकत नाही, अमुक गोष्ट कळली तर मला कळवावं लागेल. हे ऐकून काही मुलं गप्प बसतील. बसू देत, फसवून वदवून घेण्यापेक्षा ते बरं.

पालकांची संमती तर घ्याच, पण मुलाचीही घ्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीत १२ ते १८ वयाच्या मुलांची लेखी तयारी वेगळी घ्यायला सांगितलंय. संमतीवरच्या कोर्सचं मूल्यमापन मुलांना न विचारता करायचं, याहून मोठा विनोद नाही. आणि समुपदेशक कोण, त्या दिवशी फोन उचलणार का, हे नाव-नंबरासकट ठरलेलं असू द्या.

पायरी ८: मोजायचं काय?

व्ह्यूज आणि सर्टिफिकेटं नकोत, ते कोर्सवाल्याच्या कामाचे आकडे. साधी गळती काढा: समजा १०० जणांना लिंक गेली, किती जणांनी उघडली, किती जणांनी शेवटपर्यंत बघितली, किती जणांना समजली. आणि कोण गळलं ते बघा. स्वतःचा फोन असलेली मुलं टिकली आणि घरचा फोन वापरणाऱ्या मुली गळल्या असतील तर तुमची "७० टक्के सुधारणा" ही फोनवाल्यांची सुधारणा आहे. उरलेल्यांचे मार्क छान दिसणारच की.

प्रश्न कसे असावेत यावर वेळ घालवा. "संमती मोकळेपणाने दिलेली असावी, बरोबर की चूक?" हा प्रश्न फुकट आहे, कोर्स न बघता पण सगळे बरोबर करतात. त्याऐवजी प्रसंग द्या. पूजा आणि आकाश, दोघं १९ वर्षांचे, कॉलेजला. मागच्या आठवड्यात तिने स्वतःहून त्याला किस केलं होतं. आज तो जवळ आला तर ती काही बोलत नाही, फोनमध्ये बघत बसलीये. आकाशने काय करावं आणि का? मग पुढचा: त्याने तिला ४०० रुपयांचं रिचार्ज मारून दिलंय, मित्र म्हणतात आता तर हक्क आहे तुझा. आता? उत्तर मोकळं लिहू द्या किंवा ऑडिओ रेकॉर्ड करू द्या, लिहिता न येणाऱ्याला परीक्षेत नापास करायचं नाहीये आपल्याला. तपासताना फक्त बघा: गप्प बसणं हा होकार धरला का, पैशाचा हक्क मान्य केला का, थांबायचं सुचलं का. दोघांनी वेगवेगळं तपासा आणि जुळतंय का बघा.

प्रसंगातली वयं १८ च्या वर ठेवा, नाहीतर हुशार पोरं कायद्यावर उत्तर संपवतात.

ज्ञान, हिंमत आणि प्रत्यक्ष करणं, हे तिन्ही वेगळं मोजा. "कंडोम कुठे मिळतो" हे माहिती असणं एक, मेडिकलवाल्याकडे मागता येईल का हे दुसरं, आणि खरंच गेलास का हे तिसरं. तिसरं मुलांना विचारण्यापेक्षा बाहेरून बघता येतं: ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये (२०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं) कोर्सआधीच्या तीन महिन्यांत किती किशोरवयीन आले आणि नंतरच्या तीन महिन्यांत किती, नावं नकोत, नुसता आकडा. तिथे जाऊन आधी दार उघडं असतं का तेही बघा. क्लिनिक मंगळवारी दुपारी दोन तास आणि शाळाही तेव्हाच, असं असेल तर दोष कोर्सला देऊ नका.

कधी मोजायचं: आधी एकदा, आणि संपल्यावर लगेच नाही, तीन महिन्यांनी. लगेच घेतलेली टेस्ट म्हणजे पाठांतर. जमलं तर दोन होस्टेलपैकी एकाला आता दाखवा, दुसऱ्याला सहामाहीनंतर, आणि दोन्हीकडे एकाच वेळी प्रश्न विचारा, म्हणजे बदल कोर्समुळे झाला की पोरं तशीही मोठी होत होती हे थोडं तरी कळेल. छोटा गट असेल तर टक्केवारी सांगू नका, १२ पैकी ७ असंच लिहा. नाव न लिहिता, पण आधीचा आणि नंतरचा कागद जुळावा म्हणून एखादी खूण, आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि आवडता आकडा, एवढं पुरतं. कागद वर्गशिक्षकांकडे ठेवायचे नाहीत, कधीच नाही.

आणि वाईट परिणाम पण विचारा. कुणाला घरी मार बसला का, फोन काढून घेतला का, चिडवलं का. हा रकाना बहुतेक रिपोर्टमध्ये नसतोच.

पायरी ९: गावाला उत्तर काय द्यायचं?

सरपंच किंवा पालक म्हणतील, "याने पोरं बिघडतील." भांडू नका. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जगभरचे अभ्यास बघून म्हटलंय की असं शिक्षण दिल्याने मुलं लवकर संबंध ठेवायला लागत नाहीत, तेवढं एक वाक्य पाठ असू द्या. आणि आयांना आधी दाखवा. आया बघून झाल्यावर बऱ्याचदा स्वतःचेच प्रश्न विचारतात, त्यासाठी वेगळा वेळ ठेवा.

निकाल आला की तो देणगीदाराच्या आधी मुलांना सांगा, सोप्या भाषेत, आणि त्यांनी सुचवलेलं एक तरी बदला. कोर्स दुसऱ्याचा असेल तर त्यांना कळवा, बरेच जण बदलतात. नाही बदलला तर तो व्हिडिओ गाळा, मध्ये थांबवून स्वतः बोला, किंवा दुसरं शोधा. पुण्याच्या तथापि ट्रस्टसारख्यांनी मूळ मराठीतच केलेलं काम आहे, तिथून सुरुवात करता येते, तपासणी मात्र त्याचीही करायची.

दर सहा महिन्यांनी कोर्समधला प्रत्येक हेल्पलाइन नंबर स्वतः फिरवून बघा, मराठीत बोलणारं माणूस उचलतं का, रात्री उचलतं का, किती वेळ गाणं वाजतं. लिंकही उघडून बघा, बंद पडलेल्या असतात. आणि कायद्याचा भाग एखाद्या ओळखीच्या वकिलाला वर्षातून एकदा वाचायला द्या.